ताईने केलेली वाटणी

१२ जून १६२१

आज बटाटे तुडवताना ताई आठवली. रात्रभर हिवात गोठलेल्या बटाट्यांचं पाणी काढायला पहाटे आम्ही दोघी अनवाणी त्यांच्यावर नाचायचो. "जोरात गं! गुदगुल्या करायच्यात का त्यांना?" ती तेरा वर्षांची, मी सात. दोन वर्षं पीक गेलं होतं. म्हणून त्याच जूनमध्ये गावाने तिला डोंगराला दिली, बळी म्हणून.

छप्पन्न वर्षं झाली. माझे पाय अजून तसेच बधिर होतात.

१३ जून

आमचे जुने देव शोधून जाळायला आलेल्या स्पॅनिश पाद्रीबाबांनी बोलावलं. मी मठात शिकलेली, म्हणून ताईबद्दल माझीच साक्ष हवी!

"तिला फरफटत नेलं ना, कातालिना? किंचाळत होती ना?"

नाही, म्हटलं.

"म्हणजे सैतानाने भुलवली." तसंच लिहून घेतलं. मग विचारलं – कुठल्या डोंगरावर पुरली? बर्फातला तिचा देह सापडला की चौकात जाळणार. आठवत नाही, म्हटलं.

१५ जून

पोमा माझा चुलतभाऊ, गावचा प्रमुख. त्याचं दुसरंच टोक.

"ताई हसत गेली. देवी आहे ती आपली. रडली-बिडली म्हणालीस तर तोंड बघणार नाही तुझं!"

"अरे, तू तेव्हा आईच्या पाठीवर बांधलेला होतास!"

"डोळे नव्हते बांधले."

एकाला किंकाळी हवी, दुसऱ्याला हसू. तिने काय केलं ते कोणालाच नको!

१६ जून

इथे तरी लिहिते.

ती उंबऱ्यावर बसली होती. नवी वहाण उजव्या पायाला चावत होती, त्याचाच राग. "एवढी देवी करता, वहाण तरी मापाची करा!" मग मला जवळ ओढलं. सूत कातायची चाती तुझी. शाल आजीला. पांढरा गिनीपिग आईला, पण कापायचा नाही हं. आणि कोनाड्यातले माझे केस सांभाळ – लहानपणी कापलेले. मेल्यावर माणूस आपले केस गोळा करायला येतो ना. "मला शोधत बसायला लावू नकोस."

हसली नाही, रडली नाही. कामात होती.

मी विचारलं, "तुला जायचंय का?"

"मला विचारलंय कोणी? चाती नीट धर."

मठात सिस्टर म्हणायच्या, विसर. केस मी उशीत शिवून ठेवले होते.

१८ जून

डोंगर सांग म्हणून पाद्रीबाबांनी पोमाला खांबाला बांधून फटके दिले. म्हातारा माणूस! त्याने सांगितला नाही. सहाव्या फटक्याला मीच ओरडले – "तो! तो समोरचा डोंगर!"

चुकीचा दाखवला. पोमाला सोडलं.

२० जून

उद्या संध्याकाळी पाद्रीबाबा रिकाम्या हाताने उतरतील. पोमा पालथा पडून म्हणाला, "पळ, कातालिना."

"या गुडघ्यांनी?"

"मग गप्प राहशील?"

नाही राहवणार. मला दुखलं की मी बोलते, लहानपणापासून.

२१ जून, पहाट

चाती पोमाच्या लेकीला, इनेसला. जपमाळही तिलाच. उरलेले बटाटे तिनेच तुडवावेत, जोरात. शाल पोमाच्या पाठीवर घालावी. ओझी वाहणारी लामा त्याचीच. ही वहीही त्याला – वाचता येत नाही, तेच बरं.

वर ताईच्या डोंगरावर वारा सुटलाय, बर्फात पावलं उरणार नाहीत. मला कोणी देत नाहीये. मी जाते आहे.

केस बरोबर नेते. तिला इतक्या वर्षांत येता आलं नाही.