मामाचं प्रेशर आणि दोन फोटो

अन्वियासो, मंगळवार,
कोको तोडणीचे दिवस

आम्हा सर्व भावंडांत थोरल्या अद्वोआताईला, खांद्यावरचं वस्त्र खाली सोडून आणि चपला दाराबाहेर काढून, धाकट्या क्वाबेनाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? तकोराडीच्या बाजारात धुरी दिलेल्या मासळीला गिऱ्हाईक आहे ना? शेजारची टोपलीवाली अजून भांडते का? (भांडत असेल तर दोघींच्या तब्येती ठणठणीत आहेत असं समजतो.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं विचारशील तर मी घाबरलोय. फोन केला असता, पण फोनवर तू आधी रडतेस आणि मग काय झालं ते विचारतेस, म्हणून पत्र.

सुरुवात झाली बोआडूला जाऊन आठवडा झाल्याच्या शोकबैठकीत. म्हातारा बोआडू गेला (तोच, आपल्या बकऱ्या कोंडून ठेवणारा), आणि आम्ही सगळे काळी-तांबडी वस्त्रं लेवून मांडवात बसलो होतो. मोठ्या अंत्यविधीचा शनिवार कोणता, यावर त्याच्या घरच्यांचं एकमत होईना. तेवढ्या वेळात चर्चची एक मुलगी प्रेशरचं यंत्र घेऊन आली आणि शोक करायला आलेल्यांचे दंड आवळू लागली. मी हौसेनं पुढे सरसावलो. पोटात पामफळाचं सूप, त्यावर खारवलेल्या माशाचे दोन मोठे तुकडे, दंडावर वस्त्राची जाडजूड घडी, तासभर दाबून धरलेली लघवी आणि तोंडानं शेजाऱ्याशी बांधावरून वाद चालू. मुलगी मोठ्यानं म्हणाली, "एकशे शहात्तर! खाली एकशे चार!" सगळा मांडव माझ्याकडे वळला. बोआडूच्या मेहुण्यानं मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाला, "क्वाबेना, काय करायचंय ते पाऊस संपल्यावर कर हं. पावसात पाहुण्यांच्या गाड्या रुततात."

आकडे दोन का असतात हे मला कुठे ठाऊक! मी समजलो, वरचा यंदाचा आणि खालचा गेल्या वर्षीचा. म्हणजे एका वर्षात मी बहात्तरनं वाढलो, आणि पुढच्या वर्षी या वेळेला दोनशे अठ्ठेचाळीस. घरी येईपर्यंत हाच हिशेब करत होतो. ताई, मला सारखे बाबा दिसत होते. कोको वाळवायच्या चटईशी उभे होते, बोलता बोलता तोंड वाकडं झालं आणि अर्धं अंग गेलं. पुढे दोन वर्षं तूच त्यांना चमच्यानं पेज भरवलीस. मला कुणाच्या हातची पेज नको होती.

म्हणून मी काय केलं? दवाखाना सोडून आधी माझ्या शोकफलकासाठी फोटो काढायला फोटोवाल्याकडे गेलो. (हसू नकोस. बोआडूच्या शोकफलकावर मतदार कार्डावरचा फोटो लावलाय. त्यात तो मेल्याचं दुःख होण्याऐवजी पकडला गेल्याचा आनंद होतो.) मला तुझा बरिमाच त्याच्या गाडीतून घेऊन गेला. चौतीस वर्षांचं पोर, स्वतःची प्रवासी गाडी चालवतं, देव त्याचं भलं करो. पण आपल्या रीतीप्रमाणे माझी बाग माझ्या पोरांना नाही, भाच्याला जायची, त्यामुळे भाचा "मामा, बरं आहे ना?" असं विचारतो तेव्हा मामाला ते जरा वेगळंच ऐकू येतं. माझा फोटो वाईट आला. डोळे असे वटारलेले, की जणू यमाला पाहूनच काढलाय. बरिमानंही गंमत म्हणून आपला एक काढून घेतला.

पुढच्याच आठवड्यात त्यानं कुमासीहून मला यंत्र आणून दिलं. आता सांग, मामाचा आकडा घरबसल्या दिसावा असं कुणाला वाटेल? मी दिवसातून अकरा वेळा दंड आवळायला लागलो. आकडा बघून घाबरायचो, घाबरलो की आकडा वाढायचा, वाढला की पुन्हा बघायचो. न्यार्कोआनं (बायको म्हणून तिला तेवढा हक्क आहे) यंत्र मक्याच्या कणगीत लपवलं, ते मी कोंबड्यांच्या मदतीनं शोधलं. कुणी सांगितलं लसूण खा, कुणी सांगितलं प्रेकेसेच्या शेंगा उकळून पी. मी दोन्ही एकदम सुरू केलं आणि चार दिवस माझ्याजवळ कुणी बसलं नाही. दवाखान्यातून गोळ्याही आणल्या होत्या, पण आकडा चढला की घ्यायच्या आणि उतरला की डबा बंद, अशी माझी शिस्त. बरं वाटत असताना औषध खाणं मला उधळपट्टी वाटायची.

शेवटी बरिमानं मला उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यातल्या सिस्टर दुफिएपुढे नेऊन उभं केलं. तिनं माझी वही पाहिली, अकरा-अकरा आकड्यांची, आणि कपाळावर हात मारला.

"आजोबा, हे प्रेशर आहे की फुटबॉलचा स्कोअर? वरचा आकडा हृदय दाबतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. दोन्ही आजचेच! सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा बघायचं. आधी लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात छातीच्या उंचीवर. आणि गोळी रोज. आकडा चांगला आला तरी रोज! गोळीमुळेच चांगला येतो तो."

"पण सिस्टर, गप्प कसं बसायचं?" मी विचारलं.

"तेच तर औषध आहे तुम्हाला," ती म्हणाली.

कसं बसायचं ते दाखवायला तिनं बरिमालाच खुर्चीत बसवलं आणि त्याचा दंड बांधला. पोरगं शहाण्यासारखं बसलं होतं. त्यानंतर महिनाभर मी नेमानं गोळी घेतोय. खारा मासा सोडला, डोळ्यांत पाणी आणून सोडला. काल सकाळी माझा आकडा एकशे चौतीस, खाली ब्याऐंशी. तेव्हा काळजी नसावी.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
क्वाबेना

ता.क. येताना माझ्यासाठी खारा मासा आणू नकोस. वास घ्यायलासुद्धा नको.

ता.क. दुसरा. हे पत्र बरिमाच तुझ्याकडे आणणार आहे. वरचं सगळं त्यानं वाचलं, पोट धरून हसला आणि गाडी धुवायला गेला. आता घाईघाईनं लिहितो आणि लिफाफा डिंकानं चिकटवतो. सिस्टरनं त्या दिवशी बरिमाचा दंड बांधला, तेव्हा आकडा आला एकशे चौऱ्याहत्तर, खाली एकशे बारा. तिनं दुसऱ्या हातावर घेतला, थांबून पुन्हा घेतला. आणखी दोन दिवस सकाळी बोलावून आकडा घेतला. तेवढाच. पोटात सूप नव्हतं, दंडावर घडी नव्हती, पोरगं एक शब्द बोललं नव्हतं. तिनं गोळ्या दिल्या, मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. दोन्ही त्याच्या गाडीच्या खणात पडून आहेत, मी पाहिलं. मला म्हणतो, "मामा, यंत्र बिघडलंय. मला काही होत नाही." बाबाही हेच म्हणायचे. माझं तो ऐकत नाही. ज्यानं कणगीत यंत्र शोधलं त्याचं कोण ऐकणार? तुझं ऐकेल. पत्र वाचलंस की त्याला परत एकटा पाठवू नकोस, त्याच्याच गाडीत बसून ये आणि त्याला इस्पितळात ने. हवं तर वाटेत रड, मी काही म्हणणार नाही. मी बाग त्याच्यासाठी राखलीय, ताई. तो नसेल तर ती घेऊन मी एकट्यानं काय करू?

ता.क. तिसरा. फोटोवाल्यानं दोन्ही फोटो पाठवले. माझा मी भिंतीवर लावलाय, पोरं घाबरून लवकर झोपतात. बरिमाचा मात्र पेटीच्या तळाशी, कपड्यांखाली लपवून ठेवलाय. फार सुंदर आलाय, ताई. लवकर ये.