कादंबरीच्या शेवटाची वाटणी

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय कादंबरीलेखन, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वयाच्या मानाने माझी प्रकृती बरी आहे. परंतु पुढच्या आठवड्यात छातीवर शस्त्रक्रिया आहे, आणि "काळजीचं काही कारण नाही" हे वाक्य डॉक्टर जरा जास्तच वेळा म्हणाले. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सर्व काही एकुलत्या एका मुलीला दिले होते आणि ते एका पानात मावले होते. हे मावणार नाही.

सर्वांची पूर्ण नावे व पत्ते वकीलबाईंनी सोबतच्या परिशिष्टात घातले आहेत. मजकुरात मात्र मी माणसांना घरी म्हणते तसेच म्हणणार आहे. वकीलबाईंनी आधी हरकत घेतली, मग दोन पाने वाचून "चालेल" म्हणाल्या.

१. घर. हे तीन खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. कादंबऱ्यांनी भिंती उभ्या केल्या असे लोक समजतात. खरे तर भिंती यंत्रांच्या माहितीपत्रकांच्या भाषांतरावर उभ्या राहिल्या. कादंबऱ्यांतून फार तर खिडक्यांचे गज आले. हे घर मी मुलीला देते. देताना राग आड येऊ देत नाही, कारण ती याच घरात वाढली आहे. न्हाणीघराचे दार ओलाव्याने फुगते, त्याला खांदा लावावा लागतो, हे तिला माहीत आहेच.

२. बँकेतील ठेव. तिच्यावर मुलीचे नाव वारस म्हणून लागलेले आहे, ते तसेच राहावे. ते नाव लावायला गेले तेव्हा रांगेत माझे गुडघे भरून आले. मुलगी म्हणाली, "आई, तू कशाला तिष्ठतेस? मला मुखत्यारपत्र दे, मी बघते सगळं." कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला मी म्हटले, फक्त बँकेपुरते हवे. तो म्हणाला, "बँकेपुरतं नव्यानं टाइप करावं लागेल, बाई. सर्वाधिकाराचं तयार आहे. मुलगी घरातलीच ना?"

घरातलीच होती. मी सही केली. प्रकाशकांशी झालेल्या प्रत्येक करारातला स्वल्पविराम तपासणारी बाई मी. घरातल्या माणसाच्या बाबतीत पहिले पानसुद्धा उलटले नाही. ते मुखत्यारपत्र मी रीतसर रद्द केले आहे.

३. माझ्या सहा कादंबऱ्या. यांच्याबद्दल निर्णय देण्याआधी त्या कशा छापल्या जात हे सांगणे भाग आहे.

थोरले प्रकाशक माझ्याशी जन्मभर भांडले आणि मी त्यांच्याशी. प्रत्येक पुस्तकाची शेवटची प्रुफे घेऊन आम्ही त्यांच्या गोदामात, गठ्ठ्यांच्या मधल्या जागेत समोरासमोर बसत असू. ते म्हणत, "आत्ता काय बोलायचं ते बोल. एकदा छापलं की तुझ्या बापालाही परत घेता यायचं नाही." मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात "छापावे" असे लिहून सही करायची. एखाद्या पानावर ते लिहिलेले नसले तर यंत्र थांबून राहायचे. एकदा एका परिच्छेदावरून माझे अडले आणि यंत्रावरची माणसे दिवसभर पत्ते खेळत बसली. थोरल्यांनी माझ्या नावाने बोटे मोडली, पण यंत्र सुरू केले नाही.

ई-बुके निघू लागली तेव्हा त्यांनी मला विचारले आणि मी नाही म्हटले. कारण मला धड सांगता येईना. पडद्याशी माझे वैर नाही. औषधे मी मोबाइलवरूनच मागवते. मी एवढेच म्हटले, "तिथे मी छापावे कुठे लिहू?" ते हसले, विषय संपला. माझ्या बरोबरीचे लेखक एकेक करून पडद्यावर गेले. जे नाही म्हणत राहिले त्यांना लोक हट्टी, जुनाट, घमेंडी म्हणत. मुलगी म्हणायची, "अगं, ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांनी काय करायचं? गावात दुकानच नाही त्यांनी?" हा तिचा मुद्दा खरा होता, आजही खरा आहे. मी बदलले मात्र नाही.

थोरले वारले. त्यांचे चिरंजीव, धाकटे, गादीवर आले.

४. काय झाले. ते मला घरच्यांकडून कळले नाही. दर महिन्याला तपासणीसाठी माझे रक्त न्यायला एक बाई येते. सुई टोचताना समोरच्याचे लक्ष दुसरीकडे वळवायची तिची पद्धत आहे. ती म्हणाली, "मॅडम, तुमची ती 'रिकामी खुर्ची' वाचली हो. बसमध्ये, मोबाइलवर. शेवटी तो नवरा परत येतो आणि ती दार उघडते ना, मी तर बसमध्येच रडले."

'रिकामी खुर्ची' ही माझी चौथी कादंबरी. एका बाईचा नवरा ऑफिसच्या कामाला जातो म्हणून बॅग घेऊन जातो आणि परत येत नाही. शेवटच्या प्रकरणात ती त्याची खुर्ची उचलून गॅलरीत नेते आणि तिच्यावर कुंडी ठेवते. नवरा येत नाही. दार वाजतच नाही. मी ते अनुभवावरून लिहिले होते हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

बाईने तिचा मोबाइल माझ्यापुढे धरला. वर माझे नाव होते. खाली मी न लिहिलेले प्रकरण होते.

धाकट्यांना फोन केला तर ते म्हणाले, "काकू, तुम्हाला ताई बोलल्या नाहीत? मुखत्यारपत्र दाखवलं की त्यांनी. आधी तुमचाच शेवट ठेवला होता. पण खाली वाचकांचे शेरे आले, फार कडू आहे, पैसे वाया गेले. ताईंनी नवं लिहून दिलं. आता बघा, पाच-पाच चांदण्या!"

"आणि ज्यांनी आधी विकत घेतलं होतं ते?"

"त्यांच्याही पुस्तकात आपोआप बदललं. काही जादा पैसे नाही घेतले, काकू!"

एखाद्याच्या घरात शिरून कपाटातल्या पुस्तकाची पाने बदलावीत, वर त्याचे पैसे घेतले नाहीत म्हणून उपकार सांगावेत! मला जे इतकी वर्षे सांगता येत नव्हते ते त्या फोनवर कळले. छापील पुस्तक विकले की ते घेणाऱ्याचे होते. त्यात हात घालायला मीसुद्धा परकी. पडद्यावरचे पुस्तक विकल्यानंतरही दुकानदाराच्याच हातात राहते, आणि दुकानदार कोण, हे माझ्यासारखीला शेवटी कळते.

५. मुलीशी झालेले बोलणे मी येथे लिहून ठेवते, कारण मागाहून "आईचा गैरसमज झाला होता" असे कोणी म्हणू नये.

मी विचारले, "हे तू लिहिलंस?"

"हो."

"माझ्या नावावर?"

"तुझ्या नावावर नाही तर कोणाच्या? माझं नाव बघून कोण वाचणार होतं?"

"मग वाचू नये. चोरी ती चोरी."

तेव्हा ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत देते. "तू ते पुस्तक काढलंस तेव्हा मी शाळेत होते. बाबा येतील असं मी सगळ्यांना सांगत होते. तू छापून टाकलंस की ते येणार नाहीत. बाईंनी वर्गात माझ्याकडे बघितलं ते कसं बघितलं, तुला माहितीये? मला विचारलं होतंस?"

नव्हते विचारले. आणि तो खरेच आला नाही. दुसरा संसार केला आणि तिथेच वारला. मी खोटे काही लिहिले नाही. मुलीचे दुःख मला कळते. ती मला शिव्या देती, पुस्तक फाडती, चारचौघांत मला वाईट आई म्हणती, तर मी ऐकून घेतले असते. पण तिने माझ्या तोंडून माझेच म्हणणे फिरवले, आणि ते मला रक्त न्यायला येणाऱ्या बाईकडून कळावे, याला काय म्हणावे?

जावई शेजारी बसले होते. "आई, मी यात नाही," म्हणाले. प्रत्येक भांडणात ते हेच म्हणतात आणि खरेच नसतात.

वकीलबाईंनी नोटीस दिल्यावर धाकट्यांनी ते ई-बुक विक्रीतून काढले. काढण्याआधी ते फळांची पिशवी घेऊन घरी आले. जाताना चपला घालता घालता म्हणाले, "ठीक आहे काकू, तुम्ही आहात तोवर थांबतो. पुढचं ताईंशी बोलूच." मुलगी दारातच उभी होती. ती "नाही" म्हणेल म्हणून मी तिच्याकडे पाहत राहिले. तिने दार लावून घेतले आणि फळे धुवायला नेली.

म्हणून हे मृत्युपत्र.

६. सहाही कादंबऱ्यांचे सर्व हक्क, छापण्याचे, भाषांतराचे व इतर, मी आमच्या रस्त्यावरच्या वाचनालयाच्या विश्वस्तांना देते. मुलीला, जावयांना किंवा धाकट्यांना त्यांपैकी काहीही मिळणार नाही. अटी अशा:

पुस्तके कागदावर छापावीत. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी एक मोठ्या टायपाची आवृत्ती असावी व ती वाचनालयाने मागेल त्याला टपालाने घरपोच द्यावी. ज्यांना मुळीच दिसत नाही त्यांच्यासाठी छापील प्रतीवरून, एकही शब्द न बदलता, वाचून ध्वनिमुद्रण करावे. ई-बुक काढू नये. विकल्यानंतर कोणालाही, विश्वस्तांनासुद्धा, आत हात घालता येणार नाही असे पडद्यावरचे पुस्तक कधी निघाले तर त्यांनी पुन्हा विचार करावा. मी हट्टी आहे, मूर्ख नाही.

ग्रंथपालांना ही जबाबदारी जड वाटते. "मला पुस्तकं देता-घेता येतात, खटले नाही येत हो," म्हणाल्या. त्यासाठी वकीलबाईंना मी अंमलबजावणीसाठी नेमते.

७. लिहिण्याचे टेबल, दोन्ही पेने आणि शब्दकोश ग्रंथपालांना. टेबलाचा खालचा खण जोराने ओढू नये, हातात येतो.

८. हत्यारांची पेटी जावयांना. तीत करवत, पाने आणि पटाशी आहे. कधीतरी कशात तरी हात घालावा.

९. धाकट्यांना थोरल्यांची एक छत्री माझ्याकडे राहून गेली आहे, ती परत द्यावी. दुसरे काही देण्यासारखे नाही.

१०. अंत्यसंस्काराच्या वेळी माझ्या पुस्तकांतले काही वाचू नये. वाचायचेच झाले तर छापील प्रतीतून.

११. रक्त न्यायला येणाऱ्या बाईला मी 'रिकामी खुर्ची'ची छापील प्रत याआधीच हातात दिली आहे, त्यामुळे तो वारसा नव्हे आणि ती साक्षीदार होऊ शकते. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "मॅडम, राग नका मानू, पण मला तो दुसराच शेवट बरा वाटला. हा वाचून घरी कोणाशी बोलावंसंच वाटेना." मी राग मानला नाही. तिने दोन्ही वाचले आहेत, तिला बोलायचा अधिकार आहे. मात्र त्या दिवशी तिला दोनदा टोचावे लागले, शीर सापडेना.

१२. मुलीने लिहिलेले प्रकरण. वकीलबाई म्हणाल्या, माझ्या नावाने निघाले असल्यामुळे त्यावरही मला दावा सांगता येईल आणि ते कायमचे नष्ट करून घेता येईल. त्यासाठी मी ते नीट, पेन्सिल हातात घेऊन वाचले. बरेचसे सैल आहे. बाई फार बोलते, आणि खिडकीचे वर्णन दोनदा आले आहे. परंतु नवरा दारात उभा असताना एक वाक्य आहे: "त्याने बूट काढले नाहीत, कारण आपल्याला आत बोलावतील की नाही हे त्याला माहीत नव्हते."

ते वाक्य मला सुचले नसते. मी त्या माणसाला कधी दारात उभे केलेच नाही, त्यामुळे त्याच्या पायांत काय आहे हे पाहायची वेळ माझ्यावर आली नाही. ती मात्र लहानपणापासून त्या दाराकडे पाहत होती.

तरी हे प्रकरण माझे नाही. म्हणून मी लिहून देते, की या प्रकरणावर माझा, वाचनालयाचा किंवा इतर कोणाचाही हक्क नाही. ते पूर्णपणे मुलीचे आहे. माझे पात्र, माझे घर आणि माझी खुर्ची त्यातून काढून तिने स्वतःची माणसे उभी करावीत, आधीची पाने स्वतः लिहावीत आणि ते स्वतःच्या नावाने काढावे. कागदावर की पडद्यावर, हे तिचे तिने ठरवावे. माझे नाव मुखपृष्ठावर, आत, अर्पणपत्रिकेत किंवा "यांची कन्या" म्हणून कोठेही येता कामा नये. वाचक मिळाले तर तिचे, न मिळाले तर तेही तिचे.

तसे पुस्तक माझ्या हयातीत निघाले असते तर मी दुकानात जाऊन विकत घेतले असते आणि शेवटपर्यंत वाचले असते. तिला क्षमा केली असती असे मात्र मी लिहून देत नाही.

वरील बारा कलमे मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. प्रत्येक पानावर सही केली. खाडाखोड नाही.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: सहीखाली, माझ्या अक्षरात

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:

(सही) डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर असून रक्तदाब आज नेहमीपेक्षा कमी आहे.

(सही) रक्ताचे नमुने नेणारी. माझ्यासमोर सही केली. सही करताना त्यांची मुलगी दारात आली होती. मॅडमनी तिला आत ये म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही.