बाविसाव्या रांगेतल्या दोन जागा

फुटबॉलच्या सामन्यात चारपैकी तिसरा क्वार्टर संपला की गाड्यांची गर्दी टाळायला उठून जाणारी जी माणसं आहेत, त्यांना माझ्या मालमत्तेतलं काहीही मिळू नये. माझ्या गुडघ्यांवरून ओलांडून आत यायचं, माझ्या हातची खिमा-राजम्याची चिली खायची, आणि पोरं चिखलात पडलेली असताना किल्ल्या वाजवत निघायचं. हे सगळ्यात आधी घे असं मी वकील फेंटनला सांगितलं. तो म्हणाला, "ओपलबाई, मृत्युपत्राची सुरुवात अशी होत नाही." म्हटलं, मरणार कोण आहे, तू की मी? यातून दोन माणसं वगळली आहेत. ती पुढे येतील.

तर मी, ओपल स्ट्रिकलर, कै. ऑर्विल स्ट्रिकलर यांची बायको, वय एक्याऐंशी, राहणार टॉलिव्हर, ओहायो, हे शुद्धीत राहून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. शुद्धीचा पुरावा कोणी मागितला तर सांगावं, की टॉलिव्हर कॉलेजचे बगळे यंदा आठपैकी सात सामने हरले आहेत आणि मी त्यांना चांगला संघ म्हणत नाही. फेंटनने 'बगळे' खोडून 'महाविद्यालयीन फुटबॉल संघ' असं केलं होतं. ते मी परत बगळे करवून घेतलं.

कलम एक. घर विकून जे येईल ते माझी मुलं लेलंड आणि नडीन यांना निम्मं निम्मं. मागच्या दाराची कडी लागत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगावं.

कलम दोन. बँकेत आहे ते मला पुरायला पुरेल. उरलंच तर कॉलेजच्या खानावळीत भांडी घासणाऱ्या बायकांना जाड हातमोजे घ्यावेत. आठवी सोडून मी कॉलेजात गेले ती अशीच, भांडी घासायला, मागच्या दाराने. खरकटी ताटं हातात देताना "थँक यू, मॅम" म्हणणारी पोरं शनिवारी मैदानात मार खाताना दिसायची. ज्यांची ताटं आपण घासली त्यांना मार पडतोय म्हटल्यावर बघायला जायला नको? तेव्हापासून जाते आहे. मार चालूच आहे.

कलम तीन. ऑर्विलची पाने-पकडींची पेटी लेलंडला. आतला मोठा पाना शेजारच्यांचा आहे. तो परत करू नये. त्यांनी आमची शिडी नेली आहे.

कलम चार. चिलीचं मोठं पातेलं डॉरिस हॅचला, साखर न घालण्याच्या अटीवर. डॉरिस सामन्याआधी गाड्यांच्या मैदानात माझ्याशेजारी चूल मांडते. तिला मी साक्षीदार करणार होते. पण ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये म्हणे. तिने पातेलं निवडलं.

माझा अंत्यविधी घरच्या सामन्याच्या शनिवारी ठेवू नये. कोणी येणार नाही, आणि आलं तर मला त्यांची किंमत कमी वाटेल.

कलम पाच, आणि खरं भांडण याचंच आहे. मैदानातल्या बाविसाव्या रांगेतल्या माझ्या दोन राखीव जागा, एक लेलंडला आणि एक नडीनला. दोन्ही लागून आहेत, मध्ये हँडबॅगसुद्धा मावत नाही. विकता येणार नाहीत, अदलाबदल करता येणार नाही. मी गेल्यावरच्या पहिल्या सामन्याला दोघांपैकी एक जरी आलं नाही तर दोन्ही जागा आपल्या जुन्या वैऱ्यांना, वेन्सफर्ड कॉलेजच्या लोकांना द्याव्यात. होय, त्याच वेन्सफर्डच्या.

सहा वर्षांपूर्वी याच वेन्सफर्डविरुद्ध आपण चोवीस गुणांनी मागे होतो. तिसऱ्या क्वार्टरनंतर लेलंडने ऑर्विलला आधार देऊन बाहेर नेलं. मी थांबले. आणि बगळ्यांनी तो सामना जिंकला. वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ऑर्विल गाडीत. पुढच्या फेब्रुवारीत तो गेला. अंत्यविधीनंतर चर्चच्या स्वयंपाकघरात, हॅमच्या ताटासमोर, नडीन भावाला म्हणाली, "बाबांना एकच गोष्ट बघायची होती. आणि तू रस्ता मोकळा मिळावा म्हणून त्यांना उचलून नेलंस."

"त्यांचे ओठ निळे पडले होते, नडीन."

"आपल्या संघाचा रंग निळाच आहे."

त्यानंतर दोघं बोललेले नाहीत.

नडीन, आता ऐक. "घेऊन चल मला," असं तुझे बाबा म्हणाले. लेलंड नाही. आमच्या रांगेत शेवटचा क्वार्टर सुरू होताना सगळ्यात जुना माणूस उभा राहून "कोण थांबलंय?" अशी हाक देतो आणि उरलेले "आम्ही थांबलोय" म्हणतात. ती हाक चाळीस वर्षं तुझ्या बाबांची होती. त्या दिवशी छातीत हवा नव्हती, हाक निघाली नसती, आणि ते सगळ्यांना कळलं असतं. म्हणून उठले. धान्याच्या कोठाराजवळ लेलंडने गाडी कडेला घेतली आणि दोघांनी शेवट रेडिओवर ऐकला. रात्री ऑर्विल मला म्हणाला, "शेवटचा टचडाउन कुणी केला गं? आपलं पोरगं इतकं रडत होतं की ऐकूच आलं नाही." मी त्याला दोनदा सांगितलं. मग म्हणाला, "नडीनला कळू देऊ नकोस. तिला मी हाक देणारा माणूस म्हणूनच आठवू दे." मला बजावलं, लेलंडलाही बजावलं. लेलंडने तुझे टोमणे गिळले, पण बापाला खाली पाहू दिलं नाही. मी जिवंत आहे तोवर माझा शब्द आहे. हे वाचलं जाईल तेव्हा नसेन.

सुरुवातीला वगळलेली ती दोन माणसं हीच, ऑर्विल आणि लेलंड.

ठिकाण टॉलिव्हर, तारीख ७ नोव्हेंबर २०१९. साक्षीदार क्लेमंट योडर, न्हावी, आणि बर्निस प्रुइट, ग्रंथालयातली. दोघं पेन काढून थांबलेत, फेंटन घड्याळ बघतोय. बघू दे. सही करण्याआधी शेवटचं कलम.

शेवटच्या क्वार्टरला हाक नडीनने द्यावी. गळा तिला माझा मिळालाय. रांगेतल्या बाकीच्यांनी त्या दिवशी तोंड बंद ठेवावं, डॉरिस बघून घेईल. उत्तर लेलंडने द्यायचं, एकट्याने, आणि वरच्या रांगेपर्यंत ऐकू येईल असं.