हात न टेकता

ती. ताईस,

आठही अंगांनी नमस्कार घालायचा विचार होता, पण सध्या माझी पाचच अंगं कामावर आहेत, तेव्हा तेवढ्यांचा गोड मानून घे. तुझा गुडघा काय म्हणतो? साखर तपासलीस का? (चहातली नव्हे, रक्तातली.) वेळेवर जेवण, लवकर झोप, रोज फिरणं हे तुझं चालूच असणार, कारण फोनवर जे आम्हाला सांगतेस ते तू स्वतःही करतेस, हाच तुझ्यातला मोठा दुर्गुण आहे. इकडे सगळे खुशाल. म्हणजे आता खुशाल. मंगळवारी सकाळी तसं लिहिता आलं नसतं.

तूच म्हणाली होतीस की म्हातारपण धड जायचं असेल तर जमिनीवर बसून, हात न टेकता उठता आलं पाहिजे. तुला ते पंचाहत्तरीत येतं म्हटल्यावर धाकट्या भावाला झोप कशी लागणार? जन्मभर घड्याळं दुरुस्त करून माझ्या पाठीचं प्रश्नचिन्ह झालंय, तरी मी चंग बांधला. उड्या, बैठका, रबरी पट्टा ताणणं, एका पायावर उभं राहून दात घासणं, सगळं सुरू केलं. (यात पेस्ट दातांपेक्षा आरशाला जास्त लागते.) त्या उड्यांपायी खालच्या मजल्यावरच्या ब्रेकमास्तरांशी बोलणं तुटलं. हा गृहस्थ आयुष्यभर लोकांना गाडी शिकवत आला. अजून जगात कुठेही हालचाल दिसली की याचा पाय ब्रेक शोधतो. मी वर उडी मारली की हा खालून काठीने छत ठोकणार, हे ठरलेलं.

तर मंगळवारी ही गॅसवर दूध ठेवून भाजीला गेली. जाताना "लक्ष ठेवा" म्हणाली. मी दाराला वरची कडी घातली (धडपडणारा म्हातारा कुणी पाहू नये म्हणून) आणि पुढच्या खोलीत मांडी ठोकली. बसणं सुरेख जमलं. उठायला गेलो आणि पाठीत स्प्रिंग सुटल्यासारखा खट्ट आवाज झाला; त्या क्षणापासून कमरेखालच्या मुलखाने माझा हुकूम पाळणं सोडलं. फोन कपाटावर. तेवढ्यात स्वयंपाकघरात चर्र झालं. दूध उतू गेलं. करपट वास आला आणि त्यामागून, ताई, दुसरा वास. ज्योत विझली होती, गॅस चालूच होता.

हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. मीही जमिनीलगतच साचलो होतो. हाका मारल्या, पण आवाज दाराबाहेर जाईना. म्हणून मुठीने जमीन बडवली. खालून लगेच काठीचं उत्तर आलं. मी आणखी जोरात बडवली, त्यांनी आणखी जोरात ठोकलं. इथे माणसाच्या जिवावर बेतलंय आणि खालचा जुगलबंदी करतोय! शेवटी सदरा नाकावर ओढला आणि कोपरांवर सरपटत निघालो. घर लहान आहे म्हणून आम्ही आजवर कुरकुरलो, पण त्या दिवशी ते संपता संपेना. शेगडीचं बटण ओट्यावर, म्हणजे माझ्या दृष्टीने आभाळात. पण सिलिंडर ओट्याखाली! आत हात घालून रेग्युलेटर चाचपला. तांदळाएवढे स्क्रू बसवणारी माझी बोटं, पण ते ढोबळ बटण त्यांना सापडेना, सापडलं तर फिरेना. फिरलं एकदाचं. फुसफुस थांबली.

हुश्श करणार तोच जिन्यात पावलं वाजली. ब्रेकमास्तर भांडायला वर येत होते. आणि मला दरदरून घाम फुटला. आमची बेल विजेची. घरात गॅस कोंडलेला. एक ठिणगी पुरे होती. "बेल वाजवू नका!" असं ओरडायला गेलो, तर घशातून नुसती हवा निघाली. पावलं दारापाशी थांबली. मी डोळे मिटले.

आणि त्या माणसाने दारावर लाथ मारली.

ताई, बेल दाबण्याइतकी सभ्यता त्याच्या अंगी असती, तर हे पत्र तुला मिळालं नसतं.

"हा धिंगाणा थांबवताय की नाही?"

"गॅस!" आता कुठे आवाज फुटला. "बेलला हात लावू नका! मला उठता येत नाही!"

 मग बाहेरून अगदी वेगळा आवाज आला, गाडी शिकायला आलेल्या नवख्याशी बोलावा तसा. "घाबरायचं नाही. घाई करायची नाही. दाराकडे या. मी कुठे जात नाही." ते बोलत राहिले, मी सरपटत राहिलो. वाटेत रबरी पट्टा हाताला लागला, तो फेकून फेकून शेवटी कडीत अडकवला आणि ओढला. मास्तर आत आले, दिव्याच्या बटणाला न शिवता सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि मला उचलायला उकिडवे बसले. मग तेही उठेनात.

ही परतली तेव्हा दोन म्हातारे पाठीला पाठ लावून जमिनीवर बसले होते. "हे काय चाललंय?" मास्तर गंभीरपणे म्हणाले, "व्यायाम." हिने दोघांपुढे एकेक खुर्ची सरकवली.

आता ते रोज सकाळी वर येतात. दोघं खुर्ची धरून उठबस करतो आणि एकमेकांच्या चुका काढतो. माणसांत राहावं, आयुष्य वाढतं, हाही तुझाच सल्ला ना?

तुझा,
बराचसा सरळ झालेला भाऊ

ता. क. गॅसचं हिला कळलेलं नाही. दूध उतू गेलं, एवढंच तिला माहीत आहे. फोनवर चुकूनही बोलू नकोस.

ता. क. (दुसरा) खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसलो. तू एकटी असतेस, आतून कडी लावून रोज जमिनीवर बसतेस. यापुढे कडी नको, नुसतं कुलूप पुरे, आणि त्याची एक किल्ली शेजारणीकडे दे. तुझं तिच्याशी पटत नाही, ठाऊक आहे. तरी दे. मंगळवारपासून मला दुसरं काही सुचत नाही.

ता. क. (तिसरा, अक्षर माझं) वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, तेव्हा वाचलं. वास मला त्या दिवशी जिन्यातच आला होता. पिशवी तिथेच टाकून धावले, तर दोघं व्यायाम म्हणून बसलेले. मग काय बोलणार? आधी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, मगच खुर्च्या आणल्या. मला सगळं माहीत आहे हे यांना सांगू नका, उगीच लाजतील. किल्लीचं मात्र टाळू नका. तुमच्या शेजारणीला मी लगेच फोन केला. ती म्हणाली, "त्यांनी किल्ली दिली तर मीही माझी त्यांच्याकडे ठेवीन." तीही एकटीच असते, वन्सं.