कौमुदीच्या इंजिनातले साधे रॉड

मी, पद्मनाभ बाळकृष्ण सोवनी, वय सदुसष्ट, मोटारींची जादा ताकदीची इंजिने बांधणारा, राहणार अंबत्तूर, चेन्नई. डोके ठिकाणावर आहे, कोणाची बळजबरी नाही. छातीत धडधड तेवढी आहे. सोमवारी एग्मोरच्या इस्पितळात बायपास आहे. म्हणून हे लिहून ठेवतो. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी पत्नी विद्युलता हिला. जेवताना मी इंजिनांबद्दल जे जे बोललो, ते तिने चाळीस वर्षे ऐकल्यासारखे केले.

२. लेथ व सर्व हत्यारे माझा जुना सहकारी वेंकट यास. टॉर्क पाना कोणालाही उसना देऊ नये, सख्ख्या भावालाही.

३. गिऱ्हाईक प्राणेश याची गाडी इंजिन न बांधता परत करावी. त्याला सातशे अश्वशक्ती हवी, रोज टी. नगरच्या गर्दीतून दुकानात जायलाही तीच गाडी हवी, आणि वर लेखी हमी हवी. "सार, ऑनलाइन सगळे करतात," म्हणतो. करोत बापडे. वेंकट, गिऱ्हाइकाला आकडा कबूल करू नकोस. आधी काय काय फुटू शकते ते वाचून दाखव, सही घे, मग बॉनेट उघड. मी प्रत्येकाची सही घेतली. फक्त एकीची घेतली नाही.

४. ती माझी मुलगी कौमुदी. तिच्या शर्यतीच्या इंजिनासाठी मागवलेले फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले जादा मजबूत कनेक्टिंग रॉड बंदरात अडकले. तारीख तोंडावर आली, पोरीचा चेहरा बघवेना. मी कंपनीचे साधेच रॉड बसवले आणि तिला सांगितले नाही. टर्बोचा दाब कमी ठेवून "इंजिन नवं आहे, दमानं घे" म्हणत राहिलो. परवा कळले, फोर्ज्ड रॉडच्या भरवशावर तिने दाब स्वतःच वाढवला आहे. त्या दाबाला साधा रॉड तुटतो, ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि तेल चाकांखाली जाते. तरी माझ्या पश्चात तिने इंजिन उघडून

इथे हात थांबला. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. शर्यत या रविवारी आहे. लेकीला तोंडाने सांगवेना म्हणून मी कागदाआड लपत होतो. भित्रा आहे मी.

कलम ४ रद्द. आज दुपारी दोन्ही साक्षीदारांसमक्ष कौमुदीला बोलावून सगळे सांगितले. ती म्हणाली, "अप्पा, दुसऱ्या कोणाच्या गाडीत असं केलं असतंत?" मी नाही म्हणालो. गाडीची किल्ली टेबलावर ठेवून ती निघून गेली.

५. इंजिने बांधायची शेड कौमुदीला. फोर्ज्ड रॉड बंदरातून सुटून आले की तिने ते स्वतः बसवावेत, मापे स्वतः तपासावीत, माझ्या वहीवर विसंबू नये. किल्ली ठेवून गेल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही. सोमवारी इस्पितळात आली नाही, तरी हे कलम बदलू नये.

वाचून, समजून, खाडाखोडीसह सही केली. खाडाखोड माझीच.

(सही) पद्मनाभ बाळकृष्ण सोवनी

आमच्या देखत सही झाली:
(सही) श्रीदेवी रंगनाथन, शेजारी
(सही) सुब्बा राव, निवृत्त बँक कर्मचारी

चेन्नई, गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५