डाव्या हातानं सोललेले वाल

मंगळवार, दिवेलागण. रामवाडी, पेण.

सूनबाय, माझ्या वहीत वार घाल आधी. काल विसरलीस, तुझ्यापेक्षा मी अडाणी बरी.

लिही. बालवाडीच्या बाई म्हणतात, पोरीचं पोरीला करू द्या, मदत नको. म्हणून आज तुझ्या लेकीपुढे, मिठीपुढे भिजवलेले वाल ठेवले. तीन वर्षांची पोर, डाव्या हातानं सोलून सालं गुडघ्यावर ओळीनं लावत बसली. माझी लहानपणी गेलेली लेक यमू अशीच लावायची.

"कुणी शिकवलं गो?"

"यमूताईनं."

या घरात ते नाव कित्येक वर्षांत कुणी घेतलं नाय. तूही आज पहिल्यांदाच ऐकतेस. थांबू नको, लिही.

पोरीचा हात धरून तिला थांबवायला हवं होतं. बाईंचं ऐकून गप्प बसले म्हणू? खोटं व्हईल. ते हात अजून थोडे बघायचे होते.

उद्या मिठीच्या डब्यात घावणे पाठव, दोघींना पुरतील एवढे.