प्रतापरावांच्या बाजूची चीर

४ मे, सकाळ
बोरिंगने आज आंघोळीपुरतं पाणी दिलं आणि मग नुसती हवा. मोटरला दोन शिव्या घातल्या. तेवढ्यात शेजारचे प्रतापराव पाइप लावून गाडी धुवायला निघाले. गाडी कुठे जात नाही, येत नाही, पण रोज तिचा अभिषेक. भिंतीवरून म्हणाले, वहिनी, आमच्या बोरिंगची नळी टाकून घ्या. म्हणताना हसले. मला ते हसणं कळतं. त्यांचे पणजोबा सरकारच्या पागेत होते, तेव्हापासून त्या घरात सगळे घोड्यावर बसूनच बोलतात.
ठरवलं. त्यांच्या पाण्याचा थेंब या घरात येणार नाही. बिल्कुल नाही.

६ मे
नात श्रेया सुट्टीवर आली. मी तिसरीतून शाळा सोडलेली, आणि ही कॉलेजात दगडांचा अभ्यास करते! सगळ्या जुनी इंदूर मोहल्ल्याला सांगून आले. ती म्हणाली, नव्या बोरिंगला सध्या मनाई आहे, पण जुन्या बोरिंगसाठी एक मशीन येतं. आत रबराचं बूच बसवतात आणि त्याच्या खाली जोरात पाणी दाबतात. दगड चिरतो आणि आजूबाजूचं अडलेलं पाणी आपल्याकडे येतं. आनंदाने बेसनाची बर्फी केली.
त्या बर्फीवरच तिने शिकवलं. सुरीच्या रेघा म्हणजे दगडातल्या जन्मापासूनच्या चिरा. आपली नवी चीर जुनीपाशी पोचते. जुनी घट्ट मिटलेली असेल तर ओलांडून सरळ जाते, सैल असेल तर तिच्यातच वळते आणि तिच्याच वाटेने पळते. मी म्हटलं, मी उभी असताना वळेल कशी? ती हसली. मग आम्ही अर्धा दगड खाल्ला.

९ मे
मशीनवाले निशांत भिया येऊन बोरिंगमध्ये कॅमेरा सोडून गेले. माझ्याच अंगणाचं पोट टीव्हीवर पाहिलं. काळंकुट्ट.
श्रेया म्हणते, वरच्या चिरा सैल आहेत आणि सगळ्या प्रतापरावांकडे जातात. खालचा दगड घट्ट आहे. म्हणून बूच त्या चिरांच्या खाली बसवायचं. वर बसवलं तर जोर त्या सैल चिरांनाच मिळेल. प्रतापरावांची बोरिंग आपल्याहून खोल, आहे तेही पाणी तिकडे उतरेल.
मी ऐकून घेतलं. पण मला काय कळलं, तर त्यांच्या बोरिंगपर्यंत रस्ता तयारच आहे! जो रस्ता तिकडे जातो तोच इकडे येतो. खोल असेना का, मोटर लावली की पाणी वरच येतं ना. बघतेच आता गाडी कशी धुतात ते.
हे कोणाला बोलले नाही. जयेशला तर नाहीच. माझा मुलगा असून प्रतापरावांना काका म्हणतो.

१२ मे, सकाळ
श्रेयाला बांगड्या आणायला राजवाड्याच्या बाजारात पाठवलं. निशांत भियांना सांगितलं, बूच वर बसवा. ते म्हणाले, बिटिया तो नीचे बोली थी. मी विचारलं, बोरिंग कोणाची?
मशीनवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा चढत गेला. जमीन थरथरली. मी देवाचं नाव घेतलं. मग काटा एकदम पडला. भिया म्हणाले, चीर खुल गई, मांजी. मी त्यांना बर्फी दिली.
तोच भिंतीपलीकडून प्रतापराव ओरडले. "उषावहिनी, तुमचं मशीन आमच्या बोरिंगमधून उलटी करतंय!" जाऊन पाहते तर गढूळ पाण्याचं कारंजं, आणि ते सगळं धुतलेल्या गाडीवर. कित्येक वर्षांत इतकी हसले नव्हते.

दुपार
श्रेया आली. आधी गाडी पाहिली, मग मला. विचारलं, "आजी, बूच कुठे बसवलं?" मी म्हटलं, बोरिंगमध्ये. ती पायरीवर बसली. रागावली नाही. रागावली असती तर मलाही रागावता आलं असतं.
रस्ता खुला झालाय. उद्या पाणी येणार.

१३ मे
मोटर लावली. हवा. आंघोळीपुरतंसुद्धा नाही. मोटरच खराब आहे.

१४ मे
मिस्त्री म्हणतो मोटर ठणठणीत आहे. मिस्त्री खराब आहे. निशांत भियांना फोनवर चांगलं झापलं. म्हणाले, मैंने तो पूछा था, मांजी. पूछा था! जोरात विचारायचं होतं.
जयेश म्हणाला, आई, ऐक जरा. पलीकडे प्रतापरावांची मोटर चालू होती. सकाळपासून बंद नाही.

१५ मे
आज हद्द झाली. प्रतापराव मिठाईचा डबा घेऊन दारात. उन्हाळ्यात बोरिंगला इतकं पाणी कधी नव्हतं म्हणे. चिखल गेला, आता काचेसारखं येतंय. वहिनींची कृपा. या वेळी हसत नव्हते, तेच जास्त लागलं. मी डबा परत करणार होते, पण श्रेयाने उघडला होता.
सून अमिता म्हणाली, भांडी पडलीत. मी म्हटलं, पडू देत. टँकर येईल. टँकरवाला फोन उचलत नाही. सगळं शहर खराब आहे.

१६ मे
टँकर आला नाही. जयेशने नळी टाकून घेतली. मी अडवलं नाही, गुडघे दुखत होते. शिवाय ते पाणी मुळात माझ्याच बोरिंगचं आहे, फक्त फिरून येतंय. हे प्रतापरावांना ठणकावून सांगायला भिंतीपाशी गेले. त्यांनी विचारलं, धार बरी आहे ना, वहिनी? मागून अमिता म्हणाली, आई, निदान थँक्यू तरी म्हणा.
म्हटलं. हळू.
ते म्हणाले, काय? ऐकू नाही आलं.
परत म्हणावं लागलं.